चांदीवालीचं कुलूप

भावजी,

मी तुमच्यावर लिहिते आहे हे तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. तुम्ही म्हणाल, "वहिनी, माझ्यावर काय लिहायचं? मी भांडी घासतो." हे वाक्य तुम्ही इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलंत की नव्या माणसाला ते खरंच वाटतं. माझ्या एका मैत्रिणीने तुम्हाला सरळ विचारलं होतं, "आमच्याकडे सकाळी याल का?" तुम्ही तितक्याच सरळपणे म्हणालात, "चांदीची असली तर येईन." तिची स्टीलची होती. तेव्हापासून ती मला तुमची चौकशी करताना जरा जपून बोलते.

तर वाचणाऱ्यांना सांगते. हे माझे धाकटे दीर. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी वरच्या मजल्यावर आणि ते खाली. चांदीच्या वस्तूंच्या एका जुन्या दुकानामागे खोली आहे, तिथे यांची बैठक. चेपलेली किटली, मान मोडलेला चमचा, शर्यतीत मिळालेला आणि नंतर मुलांनी फुटबॉलसारखा वापरलेला कप, असलं सगळं तिथे येतं. हे पोचे काढतात, सांधे जोडतात आणि शेवटी चकाकी देतात. मशीनवरची चकाकी वेगळी आणि यांची वेगळी. यांची अंगठ्याने येते. लाल पावडर लावायची आणि अंगठ्याच्या मांसल भागाने घासत राहायचं. अंगठ्यावर म्हणून आता एकही रेष शिल्लक नाही. मोबाइल घेतला तेव्हा त्याने अंगठा मागितला. यांनी दिला. मोबाइलला वाटलं कोणी काहीच दिलेलं नाही. शेवटी करंगळीचा ठसा घेतला. आमचे भावजी करंगळीने मोबाइल उघडतात. एखाद्या बड्या घरच्या बाईसारखं नाजूक दिसतं ते.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे चांदीवरून आमची जुंपते. चांदी पाण्याने काळी पडत नाही, हवेतल्या गंधकाने पडते, हे आम्हा दोघांना मान्य आहे. बाकी फारसं काही मान्य नाही. चांदीइतकी उष्णता कुठलाच धातू भराभर पुढे नेत नाही, असं मी म्हणाले की तुम्ही म्हणता, "म्हणून तर चहातला चमचा चटका देतो, त्याला पुस्तक कशाला?" एकदा मी चांदीच्या ताटलीवर बर्फाचा खडा ठेवून दाखवला होता. शेजारच्या चिनी मातीच्या बशीतला खडा तसाच होता आणि हा डोळ्यांदेखत विरघळत गेला. तुम्ही वाकून बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "हे मात्र माहीत नव्हतं." हे मी लिहून ठेवते आहे, कारण तुम्ही नंतर नाकबूल करता.

आता कानस. कानस म्हणजे तुमची एकुलती एक मुलगी. बोलली की समोरच्याचं काहीतरी तासलं जातं, म्हणून तुम्हीच दिलेलं नाव. शाळा सुटली की ती तुमच्या बैठकीवर येऊन बसायची. हात असा, की दुकानमालकीण बाई तुमच्यादेखत म्हणायच्या, "पोरगी तुमच्यापेक्षा सफाईदार आहे हो." तुम्हाला राग यायच्याऐवजी तुम्ही दिवसभर शीळ घालायचात. मग ती कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली आणि दूरच्या शहरात एका कंपनीत लागली. मोबाइलवरच्या खेळांतली माणसं तयार करण्याचं काम. निघताना बॅग दारात होती तेव्हा तुम्ही म्हणालात, "चांदी तासली की चूर तरी उरतो. त्या काचेवर बोट फिरवून हातात काय राहतं?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात तर ठसेसुद्धा राहिले नाहीत."

झालं. त्यानंतर फोनवर तब्येत, हवा आणि गॅसचा सिलिंडर. तिच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत आणि तिने सांगितलं नाही.

एक दिवस जाऊबाई वर आल्या. डोळे लाल.

"वहिनी, काय सांगू तुम्हाला. आमच्या कानसचं काहीतरी झालंय."

"आजारी आहे का?"

"त्याहून वाईट. तिने यांना स्वतःच्या कॅरेक्टरबद्दल लिहिलंय."

मी म्हणाले, "मोबाइल आणा आणि मोबाइलचे मालकही आणा." तुम्ही आलात, करंगळी लावलीत आणि निरोप माझ्यापुढे धरून खिडकीबाहेर बघत उभे राहिलात. निरोप असा होता: "बाबा, माझं कॅरेक्टर शेवटी बाहेर आलं. कंपनीत सगळ्यांना आवडलं. तुम्हीही बघावं अशी फार इच्छा आहे. लॉक आहे, एकदम उघडणार नाही, पण तुम्हाला जमेल." खाली निळी अक्षरं.

"कंपनीत सगळ्यांना आवडलं म्हणे," तुम्ही खिडकीला सांगितलंत.

"हा निरोप केव्हाचा आहे?"

"झाले काही महिने. हिने आज वाचला."

"आणि तुम्ही काय कळवलंत?"

मीच निरोपाच्या खाली बघितलं. तुम्ही कळवलं होतं: "ठीक आहे. तब्येत सांभाळ."

"या निळ्या अक्षरांवर बोट ठेवून बघितलंत का?"

"निळ्या अक्षरांना हात लावायचा नाही. बँकेने सांगितलंय."

भावजी, मी आयुष्यभर मंदबुद्धी विद्यार्थ्यांपुढे संयम राखला, त्याचा उपयोग त्या दिवशी झाला. मी म्हणाले, "कॅरेक्टर म्हणजे चारित्र्य नव्हे. खेळातलं कॅरेक्टर. म्हणजे पात्र."

तुम्ही गर्रकन वळलात. "पात्र? कसलं पात्र?"

"चांदीचं असेल, मला काय ठाऊक."

"मग तसं सांगायचं ना. पात्र केलंय म्हणून." तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "केवढं आहे? झाकण आहे का?"

पात्र म्हणजे नाटकातलं पात्र, हे समजावण्यात चहा निवला. मी निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. बँक बुडाली नाही. एक खेळ उतरला, त्यात दोन माणसं एकमेकांना लाथा घालत होती. जाऊबाई म्हणाल्या, "अगबाई, हे केलं होय हिने," आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. चारित्र्यापेक्षा मारामारी बरी.

खेळात लढवय्यांची एक रांग होती. पहिले काही उघडे आणि बाकीचे काळ्या सावल्या, छातीवर कुलूप. अगदी शेवटच्या सावलीखाली कानसचं नाव बारीक अक्षरात होतं, हे तिने केलेलं म्हणून. सावलीतसुद्धा एवढं कळत होतं की एकच बाही वर सारलेली आहे. तुम्हीही एकच बाही वर सारता. 

कुलूप उघडायचे दोन रस्ते होते. एकेकाला हरवत शेवटपर्यंत जायचं, नाहीतर पैसे भरायचे. जाऊबाई म्हणाल्या, "भरून टाका, किती ते विचारू नका." तुम्ही मात्र असे बघायला लागलात की त्यांनी जणू दुकानात चोरीचा माल आणलाय. "आपल्याच पोरीला भेटायला तिकीट काढू?"

"मग तिला फोन करून सांगा, समजायला चूक झाली म्हणून."

"आणि ती विचारेल, बघितलंत का? काय सांगू? कुलूप बघितलं?"

"मी सांगते तिला."

"तुम्ही काही सांगायचं नाही वहिनी. आधी उघडू दे."

म्हणजे तिकडे मुलगी समजून बसलेली, की बापाने बघायचंच नाही म्हटलंय. आणि इकडे बाप मारामारीला लागला.

तुम्ही बैठक आटपून संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचात, कारण जाऊबाईंना ते आवाज सहन होत नव्हते आणि चार्जर माझ्याकडे होता. सूचना इंग्रजीत. वाचायचं काम माझं आणि मारायचं तुमचं. घासून राठ झालेल्या अंगठ्याची काचेला दखलच नाही. तुम्ही दाबत राहायचात आणि तुमचा माणूस शांतपणे मार खायचा. मग तुम्ही एक तर्जनी आणि दुसरी करंगळी अशी जोडी जमवलीत. त्या लढवय्यांना लांबलचक नावं होती, ती तुम्ही बदललीत. आगीचा तो कोळशा. पाण्याची ती नळवाली. विजेचा तो मीटर. एक रबराचा होता, ढिला, वाकडा, कोणी न घेतलेला. त्याला तुम्ही रबऱ्या म्हणालात आणि घ्यायचं नाकारलंत.

"का पण? फुकट आहे."

"रबर बैठकीवर येत नाही."

मला आठवलं. तुमच्या खोलीत रबरबँड आणायची बंदी आहे. रबरात गंधक असतं, चांदीला लागलं की तिथे डाग. सगळी पुडकी सुती दोऱ्याने बांधलेली. गिऱ्हाइकाने रबरबँड लावून चमचे आणले तर तुम्ही तो आधी दाराबाहेर टाकता आणि मग नमस्कार करता. पण खेळातल्या रबरावरही बंदी, हे मला नवीन होतं.

तुम्ही मारता मारता समोरच्याशी बोलायचात. "बस आता खाली. पुष्कळ झालं." कोळशा पडला की, "उठू नकोस, उठू नकोस, भाजशील." एकदा नळवालीला हरवलंत आणि म्हणालात, "वॉशर बदलून घे." मी हसले तर मला म्हणालात, "वहिनी, लक्ष द्या, पुढे काय लिहिलंय ते वाचा."

असं करत सगळे उघडले, एकटी शेवटची राहिली. तेव्हा जाऊबाई पुन्हा वर आल्या, बातमी घेऊन. कानसने आईला फोनवर सांगितलं होतं, "बाबांनी बघितलं नाही ना? राहू दे. आता बघण्यासारखं उरणारही नाही." कंपनीकडे तक्रारी गेल्या होत्या. तिचं पात्र कोणाला हरवताच येत नाही, जितकं मारावं तितकं ते मजबूत होतं, म्हणून लोक कंटाळून खेळ सोडतात. साहेबांनी ठरवलं होतं, महिनाअखेरीला हिला बदलायचं. सोपी करायची. कानस भांडली आणि हरली.

तुम्ही विचारलंत, "मारलं की मजबूत होते?"

"असं ती म्हणाली."

"मग बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "ठोकली की कडकच होणार. चांदी आहे ती." आणि मोबाइल उघडलात.

शेवटच्या खोलीच्या दारावर सूचना होती. मी वाचली. हिला हरवा म्हणजे ही तुमची.

"म्हणजे हिलाच मारायचं?"

"तसंच दिसतंय."

"हिला मारून हिचं कुलूप काढायचं."

"भावजी, चित्र आहे ते."

"माहीत आहे मला चित्र आहे ते."

ती आली. काय सांगू, मी खेळांतली बाई नव्हे, पण तिच्या अंगावर समोरच्याचं सगळं दिसत होतं. कोळशा उभा राहिला की ती तांबूस, नळवाली आली की निळसर. कुठल्याही धातूपेक्षा चांदी उजेड जास्त परत फेकते, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं, कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. इथे ते चालत होतं. कमरेला तुमच्यासारखा जाड कापडाचा तुकडा, एक बाही वर, वजन एका पायावर. कानस वाद घालताना उभी राहते तशी.

तुम्ही मीटरला पुढे केलंत. मीटरने आपणहून एक फटका दिला, तो तुम्ही दिलेला नव्हता असं तुम्ही मला नंतर पुष्कळदा सांगितलंत. वीज तिच्या अंगातून गेली आणि तिला काही झालं नाही. "सरळ निघून गेली," तुम्ही म्हणालात, "चांदीत विजेला आडकाठी कुठली असणार." मग तिने मीटरला लोळवलं. तुम्ही बोटं मागे घेऊन नुसते बघत होतात. परत सुरू केलंत, परत बोटं मागे. कोळशाच्या आगीने ती डोक्यापासून पायापर्यंत क्षणात लाल झाली आणि तितक्याच लवकर निवली. तुम्ही मान डोलावलीत. कोळशाही लोळला. तुम्ही हरत होतात आणि प्रत्येक हरण्यात तुम्हाला काहीतरी पटत होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "अहो, मारा की एकदाचं. महिना संपेल."

"मारून होणार नाही, कडक होईल आणखी."

"मग तापवा."

"तापवली की मऊ होईल. मऊ झालेलीला मारू?"

"मग करणार काय? बघत बसणार?"

तुम्ही मोबाइल टेबलावर ठेवलात, उठलात, माझ्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलात आणि परत आलात. बसलात. रांगेत मागे मागे गेलात आणि रबऱ्यावर करंगळी ठेवलीत.

मी म्हणाले, "बैठकीवर येत नाही ना तो?"

"गप्प बसा वहिनी."

इतक्या वर्षांत तुम्ही मला गप्प बसा म्हणालात ते तेवढंच.

रबऱ्याला नीट मारताच येत नाही, म्हणून त्याला कोणी घेत नव्हतं. त्याला एकच गोष्ट येते, समोरच्याला कवटाळणं. तुम्ही त्याला तिच्याजवळ नेलंत आणि त्याने हात टाकले. बाकी काही नाही. ती त्याला ठोसे मारत होती, ठोसे रबरात बुडत होते. आणि त्याचे हात जिथे होते तिथे ती पिवळी पडायला लागली. आधी फिकट, मग सोनेरी. मग तपकिरी. मग जांभळट, निळी. मग काळी. चांदी याच क्रमाने जाते, पुस्तकातही तेच आहे आणि तुमच्या खोलीतही. काळेपणा मनगटापर्यंत पोचला तसे तिचे हात खाली आले. ती पडली नाही. नुसती उभी राहिली.

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही म्हणालात, "हे मलाच माहीत होतं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे तिला माहीत होतं, की हे फक्त मलाच माहीत आहे."

ती आता तुमच्या रांगेत होती, कुलूप नाही, काही नाही, पण काळी. तुम्ही तिच्यावर बोट फिरवलंत. मग अंगठा फिरवलात. काचेला तुमचा अंगठा कळत नाही, तरी फिरवलात.

"वहिनी, ही पुसायची कशी?"

"खेळात कुठे बटण असेल."

आम्ही सगळीकडे शोधलं. तिला नवीन कपडे घालता येत होते, केसांचा रंग बदलता येत होता, पाठीला पंख लावता येत होते. पुसता येत नव्हतं.

"अशी काळी कोण ठेवतं?" तुम्ही अस्वस्थ झालात. "गिऱ्हाइकाला अशी देतात का कधी? तुम्ही विचारा तिला, पुसायची कशी ते."

"तुमची मुलगी, तुमचा मोबाइल. तुम्हीच विचारा."

"तुम्ही रसायनवाल्या. तुम्हाला नीट विचारता येईल."

"सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद, एवढं रसायन मला येतं. ते काचेच्या आत जात नाही. लावा फोन."

तुम्ही लावलात. मी उठून जाणार होते, पण टेबल माझं होतं. तिने उचलला. तुम्ही कसे आहात, ती कशी आहे, काही नाही. तुम्ही म्हणालात, "रबर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

मग कानसचा आवाज. "तुम्ही रबर आत येऊ दिलंत?"

"दिलं."

"तुम्ही?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"मग काय झालं?"

"पिवळी झाली आधी. मग तपकिरी. जांभळी. निळी. काळी."

"क्रम बरोबर आहे ना?"

"क्रम बरोबर आहे. जांभळी जरा लवकर संपली."

"हेच," कानस म्हणाली. "हेच मी त्यांना सांगत होते बाबा. जांभळ्याला वेळ द्या. ते म्हणे कोणाला कळणार आहे."

"मला कळलं."

"हो. तुम्हाला कळलं."

"तो निरोप," तुम्ही म्हणालात, "मला वाटलं तू तुझ्या स्वतःच्या कॅरेक्टरबद्दल..."

"माझ्या कॅरेक्टरला काय झालंय?"

"काही नाही. तुझी आई रडत होती."

जाऊबाई ओरडल्या, "माझ्यावर ढकलू नका."

पलीकडे ती हसायला लागली, तशी मी चहा ठेवायला गेले. चहा झाला, निवला, परत गरम केला, तरी तुमचं जांभळ्यावरच चाललं होतं. मग तिने विचारलं, कुठले कुठले कप आले दुरुस्तीला. मग तुम्ही विचारलंत, आणि हे मी स्वतः ऐकलं, "आता पुढे कोणाचं करतेयस?"

महिनाअखेरीला कंपनीने ठरवल्याप्रमाणे त्या चांदीवालीला सोपी केली. आता चार लाथांत पडते म्हणतात, आणि पिवळी न होता थेट काळी होते. कानसने नोकरी सोडली नाही, ती तिथे शिशाचा कोणीतरी करते आहे, आणि त्याबद्दल दर रविवारी तुम्हाला प्रश्न विचारते. शिशाबद्दल माझंही थोडं ऐकून घ्या म्हटलं तर दोघं मला मध्ये बोलू देत नाहीत.

तुमची मात्र आधी उघडलेली. तुमच्या मोबाइलमध्ये ती अजून जुनीच आहे आणि अजून काळीच आहे. तुम्ही अधूनमधून करंगळीने रांग उघडता, तिच्यापाशी थांबता आणि मला म्हणता, "वहिनी, ते विचारायचं राहिलंय हं. पुसायची कशी." मी म्हणते, तुम्ही तर रविवारी तासभर बोलत होतात. तुम्ही म्हणता, तेव्हा लक्षातच आलं नाही, तुम्हीच विचारा एकदा. मी हो म्हणते. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. रविवारी मला फोन मिळतो कुठे?